चॅप्लेन्सीसाठी ऑनलाइन एम.ए.: पुण्यातल्या एका सिस्टरचं परीक्षण

अमेरिकेतल्या एका सेमिनरीतून, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणाऱ्या संस्थेतून, मी घरबसल्या एम.ए. केलं. विषय धर्मशास्त्र आणि विशेष अभ्यास चॅप्लेन्सीचा, म्हणजे रुग्णालयात, तुरुंगात, सैन्यात किंवा वृद्धाश्रमात माणसाच्या श्रद्धेची, भीतीची, अपराधी भावनेची विचारपूस करण्याच्या कामाचा. पाचपैकी साडेतीन तारे देते. शिकवणारी माणसं आणि ग्रंथालय एवढंच पाहिलं असतं तर पाचही दिले असते. दीड तारा कापला तो प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या अर्धवट माहितीमुळे आणि आपल्याकडच्या धर्मांची ओळख फार उडत उडत करून दिल्यामुळे. संस्थेचं नाव लिहीत नाही. अशा पदव्या देणाऱ्या बऱ्याच संस्थांची रचना एकसारखी असते, आणि मी सांगते त्या गोष्टी कुठल्याही संस्थेची वेबसाइट उघडून पडताळता येतील.

निवृत्त होईपर्यंत मी पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात सिस्टर, म्हणजे नर्स, होते. शेवटची वर्षं कर्करोगाच्या वॉर्डाची इनचार्ज. आम्ही मराठी ख्रिस्ती, आजोबांच्या आधीपासून पेठेतलेच. रात्रपाळीत मॉर्फिनचा डोस देऊन झाल्यावर रुग्ण जे बोलतो ते केसपेपरवर कुठेच उतरत नाही. ‘सिस्टर, पोरीचं लग्न बघायला मिळेल का हो मला?’ ‘मी कुणाचं काय वाईट केलं होतं?’ हे प्रश्न डॉक्टरांच्या राउंडला कोणी विचारत नाही. ते विचारले जातात पहाटे तीनला, सलाइन बदलायला आलेल्या सिस्टरला, नाहीतर फरशी पुसणाऱ्या मावशींना. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग डॉक्टर झाल्या, आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांसाठीचं केंद्र, सुरू केलं. रुग्णाच्या वेदनेला शरीर, मन, घरदार आणि श्रद्धा अशी चारही अंगं असतात हे त्यांनी वैद्यकाला शिकवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या, व्याख्येत आध्यात्मिक त्रासाचा उल्लेख आहे. आपल्याकडे रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या मानकांतही रुग्णाच्या आध्यात्मिक आणि सांस्कृतिक गरजांचा आदर हा रुग्णाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. कागदावर सगळं आहे. खाटेशेजारी खुर्ची ओढून बसायला मात्र माणूस नसतो. मला ते काम करायचं होतं आणि रीतसर शिकून करायचं होतं.

तर पहिली गोष्ट, जी मला प्रत्येकाला ओरडून सांगावीशी वाटते: या क्षेत्रात पदवी शेवटी निवडायची. आधी काम कुठे करायचं ते ठरवा. मग तिथे नेमणूक कोण करतं आणि त्यांना काय लागतं ते विचारा. मग प्रत्यक्ष रुग्णांमधलं प्रशिक्षण कुठे मिळेल ते शोधा. एवढं झालं की पदवीचे दोन-तीनच पर्याय हातात उरतात आणि त्यांतून निवडणं सोपं जातं. वेबसाइटवर सगळं उलट्या क्रमाने येतं. आधी झाडीतल्या इमारतीचा फोटो, मग अभ्यासक्रम, मग फी, आणि ‘पुढे काय’ हे पान सगळ्यांत खाली.

अमेरिकेतल्या रुग्णालयांत पूर्ण वेळ काम करायचं तर बऱ्याच ठिकाणी बोर्ड सर्टिफिकेशन मागतात. तिथल्या प्रोफेशनल चॅप्लेन्सच्या संघटनेशी जोडलेलं बीसीसीआय हे मंडळ ते देतं. त्यांची अट ७२ सेमिस्टर क्रेडिटच्या पदव्युत्तर धर्मशिक्षणाची, म्हणजे एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी, धर्मसेवेसाठीची मोठी पदवी) किंवा त्याच्या तोडीचं काही. शिवाय क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनची, म्हणजे सीपीईची ४ युनिट्स, एकेक युनिट किमान ४०० तासांचं. शिवाय चॅप्लेन म्हणून केलेल्या कामाचे २,००० तास, आणि तुमच्या धर्मसमूहाची लेखी शिफारस. ४८ क्रेडिट आणि २ युनिट्सवर असोसिएट हा त्याखालचा दर्जा मिळतो. आता बहुतेक ऑनलाइन एम.ए. ३६ ते ४८ क्रेडिटांची असतात. माहितीपत्रकावर ‘चॅप्लेन्सी’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो, पण या पदवीवर पूर्ण सर्टिफिकेशन मिळणार नाही हे बारीक अक्षरांतही कुठे नसतं. माझं एम.ए. ४८ क्रेडिटचं. मला पुण्यातच राहायचं होतं, त्यामुळे माझं भागलं. पण माझ्याबरोबर एक तरुण केरळी मुलगी शिकत होती. तिला नवऱ्याकडे टेक्सासला जाऊन नोकरी करायची होती. तिला हा हिशेब दुसऱ्या वर्षी कळला. तेव्हा तिने विचारणा करून ती सगळी क्रेडिट एम.डिव्ह.मध्ये वळवून घेतली. वेळ आणि पैसा गेलाच. प्रवेशाच्या वेळी सल्ला देणाऱ्या बाईंनी फक्त एक वाक्य जास्त बोलायला हवं होतं.

भारतात अशी एकच एक पायवाट नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात (सीएमसी) चॅप्लेन्सीचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे रुग्णांमध्ये राहून प्रशिक्षण मिळतं. बंगळुरूच्या बॅप्टिस्ट हॉस्पिटलमध्येही मिळतं. ज्याला भारतातल्या मिशन रुग्णालयात काम करायचं आहे त्याने आधी तिकडे विचारावं. परदेशी पदवीचा विचार नंतर. सैन्यात धर्मगुरू हे जेसीओ, म्हणजे कनिष्ठ कमिशन्ड अधिकाऱ्याच्या, दर्जाचं पद असतं: पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू. त्यांचं प्रशिक्षण आपल्या पुण्यातच इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये होतं हे पुणेकरांनाही फारसं ठाऊक नसतं. तिथे पदवीबरोबर त्या त्या धर्माची पात्रता लागते. पाद्री व्हायचं तर चर्चने पाळकपदाची दीक्षा दिलेली असावी लागते. तिकडे जाणाऱ्याने सैन्याची भरतीची जाहिरात नीट वाचावी.

आता मान्यतेबद्दल. अमेरिकेतल्या काही राज्यांत धार्मिक संस्थांना सरकारी परवान्याशिवायही धार्मिक पदवी देता येते. त्यामुळे ‘अमेरिकन सेमिनरी’ एवढ्यावर विश्वास टाकू नका. संस्था एटीएसच्या, म्हणजे असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्सच्या यादीत आहे का ते पाहा. नसेल तर निदान सीएचईएने, म्हणजे मान्यता देणाऱ्या मंडळांनाच तपासणाऱ्या तिथल्या परिषदेने, मान्य केलेल्या एखाद्या मंडळाची मान्यता हवी. दोन्ही याद्या मोफत बघता येतात. संस्थेच्या पानावर ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ असं मोघम लिहिलेलं असेल आणि मंडळाचं नाव नसेल तर पुढे वाचूच नका. आपल्या चर्चमधल्या एका भावाला परवडत नसतानाही त्याने अशाच एका ठिकाणी पैसे भरले. हातात आलेल्या कागदाला सोनेरी शिक्का होता. तो कागद कोणीच स्वीकारला नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण माणूस फार प्रेमळ आहे आणि या कामाला अगदी योग्य आहे. भारतातली ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी घेत असाल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या संस्थेला, त्या अभ्यासक्रमाला, त्या वर्षासाठी मान्यता आहे का ते बघा. आणि परदेशी ऑनलाइन पदवीवर भारतात सरकारी नोकरी किंवा पीएच.डी. करायची असेल तर फी भरण्याआधी समकक्षतेचं लेखी उत्तर मिळवा.

सीपीईबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. या शिक्षणाचा जीव तिथेच आहे. १९२५ मध्ये अँटन बॉइसन नावाच्या पाळकाने मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नेलं. तो स्वतः आधी मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहून आलेला होता. रुग्ण हा जिवंत ग्रंथ आहे, पोथ्या वाचता तसाच तोही लक्ष देऊन वाचायला हवा, हे त्याचं म्हणणं होतं. त्यातून ही पद्धत वाढली. एका युनिटमध्ये शिकणारा माणूस शेकडो तास रुग्णांबरोबर असतो, आणि किमान शंभर तास गटात आणि सुपरवायझरबरोबर त्याच भेटींची चिरफाड चालते. पदवी ऑनलाइन असली तरी हे तास ऑनलाइन होत नाहीत. गट झूमवर भेटू शकतो, करोनानंतर ते बरंच रुळलं आहे, पण खाट तुमच्या शहरातली हवी. आणि ती तुम्हालाच मिळवावी लागते. मला प्रवेशाच्या वेळी सांगितलं गेलं होतं, ‘त्याची काळजी करू नका, कुठलंही रुग्णालय चालतं.’ तसं नसतं. रुग्णालयाचं लेखी संमतीपत्र लागतं, तिथला एक जबाबदार माणूस तुमच्या तासांवर सही करायला लागतो, आणि सीपीईचं केंद्र वेगळं असेल तर त्यांची फी वेगळी. हे सगळं मला कोणीही आपणहून सांगितलं नाही.

संमतीपत्रासाठी मी माझ्याच जुन्या रुग्णालयात गेले. मेडिकल सुपरिंटेंडंट मला वर्षानुवर्षं ओळखणारे. तरी त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘सिस्टर, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. हा धर्मप्रचार तर नाही ना?’ मला राग आला नाही. विचारायलाच हवा असा प्रश्न आहे, आणि माझ्या आडनावाच्या माणसाला तो विचारला जाणारच. चॅप्लेन्सीच्या व्यावसायिक आचारसंहितेत रुग्णावर आपली मतं किंवा उपासना लादायची नाही असं स्पष्ट आहे. मी तोच भाग मराठीत लिहून त्यांच्यापुढे ठेवला आणि खाली माझ्या अटी जोडल्या. रुग्णाने किंवा घरच्यांनी मागितल्याशिवाय प्रार्थना करणार नाही. कुठलंही पुस्तक, पत्रक, चित्र वॉर्डात नेणार नाही. रुग्ण आपल्या धर्माच्या माणसाची आठवण काढेल तर त्यांना बोलावण्यासाठी मीच फोन करीन. दारावर सिस्टरला विचारल्याशिवाय आत जाणार नाही. साहेबांनी वाचलं, एक अट स्वतः वाढवली (रुग्णाची कुठलीही माहिती इमारतीबाहेर जाताना नाव-गाव बदलूनच जाईल) आणि सही केली. ज्यांना हे शिक्षण घ्यायचं आहे त्यांनी असं पत्र आधीच लिहून ठेवावं. ख्रिस्ती असाल तर जास्तच.

सीपीईतलं मुख्य हत्यार म्हणजे व्हर्बेटिम. रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून शब्दशः लिहायचं, मध्ये मध्ये झालेली शांतता, खोकला, नर्सचं येणं-जाणं सगळं नोंदवायचं आणि गटापुढे वाचायचं. आमच्या गटात ओहायोतला एक माजी सैनिक होता. त्याच्या व्हर्बेटिममध्ये रुग्ण म्हणाला, मला मरायची भीती वाटते, आणि पुढच्याच ओळीला याने प्रार्थना सुरू केली. सुपरवायझरबाई शांतपणे म्हणाल्या, ‘ती शांतता कुणाला सहन होत नव्हती? त्याला की तुम्हाला?’ त्या दिवशी गटात बराच वेळ कोणी बोललं नाही. इतकी वर्षं वॉर्डात काढूनही असा प्रश्न मला कोणी विचारलेला नव्हता. नर्सिंगमध्ये आम्हाला काहीतरी करायला शिकवतात. इथे थांबायला शिकवलं.

माझ्या एका व्हर्बेटिमबद्दल सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून. पुरंदर तालुक्यातले एक आबा, तोंडाचा कर्करोग, सकाळी ऑपरेशन. प्री-ऑपच्या यादीत दागिने, कवळी, धागेदोरे काढण्याची ओळ असते. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ. ड्यूटीवरची पोरगी कात्री घेऊन उभी आणि आबा हात जोडून, ‘बाई, माळ निघाली तर मीच निघालो म्हणा की.’ शस्त्रक्रिया गळ्यापर्यंत जाणारी, त्यामुळे माळ तिथे ठेवणं शक्यच नव्हतं. मी ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरशी बोलले. मणी लाकडाचे, दोरा सुती, धातू कुठे नाही, म्हणजे कॉटरीला (विजेने रक्त थांबवायच्या यंत्राला) अडचण नाही. घोट्याला बांधू असं एकीने सुचवलं, पण वारकऱ्याची माळ पायाशी कशी बांधणार? शेवटी सलाइन नसलेल्या मनगटाला गॉजमध्ये गुंडाळून टेप लावायचं ठरलं. गळ्यातून काढायची कुणी, एवढाच प्रश्न राहिला. आबा म्हणाले, मंडळी काढतील. त्यांच्या बायकोने ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत ती काढली, मी गुंडाळली. हे सगळं मी गटापुढे वाचलं. सगळ्यांना वाटलं, छान सुटलं. सुपरवायझरबाईंनी एकच विचारलं, ‘ती माळ त्यांना घातली कुणी होती?’

दुसऱ्या दिवशी मी आबांना तेच विचारलं. श्वासनलिकेत ट्यूब, बोलता येत नव्हतं. त्यांनी पाटी मागितली आणि लिहिलं, ‘बापानं. आळंदीत.’ मग पाटी पुसून लिहीतच राहिले. बाप दारू प्यायचा, माळ घातल्यावर सुटली, तेव्हापासून घर उभं राहिलं. स्वतः आबांनी तंबाखू सोडली नाही आणि बापाला तोंड दाखवायला जागा उरली नाही असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ऑपरेशनच्या भीतीपेक्षा हे ओझं मोठं होतं. कुठल्याही चार्टवर ते दिसलं नसतं. मिनेसोटात बसलेल्या, वारी कधीही न पाहिलेल्या बाईच्या एका प्रश्नाने ते बाहेर आलं. पैसे कशासाठी मोजले असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते.

आता पदवीच्या विषयांकडे. शोक आणि वियोग यावरचा विषय उत्तम होता. रोज वाचन, दर आठवड्याला एक टिपण, आणि टिपणावर शिक्षकांचा खरा, वाचून लिहिलेला शेरा. पवित्र शास्त्राच्या अर्थविवेचनाचा विषय कठीण पण सकस. संशोधन लेखनाचा विषय बराचसा संदर्भ कसे लिहावेत यातच गेला.

नीतिशास्त्राचा विषय अमेरिकेच्या कायद्यावर उभा होता, पण सरांनी मला भारताबद्दल लिहू दिलं. मी अरुणा शानबागबद्दल लिहिलं. कुठल्याही मराठी सिस्टरला ते नाव परकं नाही. १९७३ मध्ये केईएममध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि २०१५ मध्ये त्या गेल्या. मधली सगळी वर्षं केईएमच्या सिस्टर्सनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांच्या दयामरणाचा प्रश्न आला तेव्हा या सिस्टर्सचंच म्हणणं निर्णायक ठरलं. पुढे २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि लिव्हिंग विल, म्हणजे अखेरच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेली इच्छा, मान्य झालं, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली गेली. आज घरातल्या माणसांना व्हेंटिलेटरबद्दल निर्णय घ्यायचा असतो तेव्हा मी त्यांच्यासोबत बसते. तो निबंध मला अजून उपयोगी पडतो.

जगातल्या धर्मांचा विषय मात्र निराश करणारा होता. हिंदू धर्माला दोन आठवडे: वेद, उपनिषदं, गीता, चार आश्रम. पुण्याच्या वॉर्डात कोणी चार आश्रमांबद्दल बोलत नाही. तिथे कुलदैवताचा राहिलेला नवस असतो, चुकलेली वारी असते, अंगारकीचा उपास मोडल्याची रुखरुख असते. बौद्ध धर्म शिकवला तो तिबेट आणि जपानचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह दीक्षा घेतली त्याला अर्धी ओळ. आमच्या वॉर्डातल्या बौद्ध घरांना अखेरच्या वेळी त्रिशरण-पंचशील हवं असतं. कोणी आपलेपणाने गंगाजल पुढे केलं तर ते दुखावतात. जैन आजीला नवकार मंत्र ऐकवणारं माणूस हवं असतं. मुस्लीम घरात कानाशी कलमा म्हणायचा असतो आणि नंतर दफनाला उशीर नको असतो, म्हणून मृत्यूच्या दाखल्याची घाई असते. लिंगायतांत दहन नाही, दफन असतं. यांतलं काहीही त्या विषयात नव्हतं. मी ते मावशींकडून, नातेवाइकांकडून, मशिदीतल्या मौलानांकडून आणि माझ्या जुन्या मैत्रिणींकडून विचारून विचारून भरून काढलं, आणि शेवटी संस्थेला लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर सभ्य आलं. पुढच्या तुकडीला फरक पडला की नाही ते पुढची तुकडीच सांगेल.

पुण्यातून शिकणाऱ्यांसाठी वेळेचं गणित. न्यूयॉर्कच्या वेळेने संध्याकाळी सातचा वर्ग म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं बदलतात तेव्हा लक्ष ठेवावं लागतं. रात्रपाळीची सवय असल्याने मला सोपं गेलं. काम सादर करायची मुदत त्यांच्या मध्यरात्रीची, म्हणजे आपली सकाळी साडेनऊ किंवा साडेदहाची. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते त्या भागात राहत असाल तर बुधवारी रात्रीच पाठवून मोकळे व्हा.

फी क्रेडिटमागे काही शे डॉलर असते. संस्थेनुसार फरक खूप, आणि बाहेर देशातल्या विद्यार्थ्यांसाठी सवलत बऱ्याच ठिकाणी असते, पण ती मागावी लागते. पूर्ण वर्षाची फी एकदम भरू नका, सत्राची भरा. १ एप्रिल २०२५ पासून परदेशी पाठवलेल्या रकमेवर वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे बँक पैसे पाठवतानाच घेते तो कर, लागत नाही, तरी बँकेचे आणि चलनबदलाचे पैसे दर वेळी कापले जातात, ते हिशेबात धरा. पुस्तकांचा खर्च मला जवळजवळ आला नाही, कारण ग्रंथालयातली ई-पुस्तकं घरून उघडत होती. या एका बाबतीत संस्थेला पैकीच्या पैकी गुण.

पदवी न घेताही पुण्यात पुष्कळ करता येतं. वारज्यातलं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांना विनामूल्य सेवा देतं. एकदा तिथे जाऊन बघा म्हणजे या कामाचं वातावरण कळेल. आठवड्यातून एखादा दिवस रुग्णांजवळ बसायचं एवढीच इच्छा असेल तर परदेशी फी भरायची गरज नाही. ज्यांना धर्मशास्त्र समोरासमोर शिकायचं आहे त्यांच्यासाठी बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे आणि नगर रोडला रामवाडीत ज्ञानदीप आहे. हिंदू परंपरेचा अभ्यास हवा असेल तर इग्नूचं हिंदू स्टडीजचं एम.ए. दूरशिक्षणाने करता येतं, आणि बौद्ध परंपरेसाठी आपल्या विद्यापीठात पाली विभाग आहे. या पदव्या ज्ञान देतील. खाटेशेजारचे तास मात्र वेगळे मिळवावे लागतील, हे इथेही लागू.

माझ्याबरोबर काम केलेल्या एका सिस्टरची मुलगी न्यू जर्सीत असते. घर हिंदू, मुलगी समुपदेशनात पदवीधर. तिला तिथे रुग्णालयात चॅप्लेन व्हायचं आहे. तिचा पहिला प्रश्न होता, ‘मावशी, आम्हाला कुठलं चर्च शिफारस देणार?’ अडचण खरी आहे. २०११ मध्ये प्रतिमा धर्म अमेरिकी सैन्यातल्या पहिल्या हिंदू चॅप्लेन झाल्या तेव्हा त्यांना चिन्मय मिशन वेस्टने शिफारस दिली होती. तेव्हा वाट आहे, पण ती आधी विचारून घ्यावी लागते. मी तिला कुठलाही अर्ज भरू दिलेला नाही. आधी तिने तिन्ही ठिकाणी लिहायचं: शिफारस देऊ शकेल अशा संस्थेला, बीसीसीआयला (आधीची पदवी ७२ क्रेडिटांत किती धरली जाईल हे विचारत), आणि घराजवळच्या सीपीई केंद्राला. पहिली दोन पत्रं गेल्या आठवड्यात गेली. तिसरं ती या रविवारी लिहिणार आहे, आणि त्यासोबत जोडायला माझं ते सुपरिंटेंडंटसाहेबांना दिलेलं पत्र मी इंग्रजी करून पाठवते आहे.